पाहुणे कधी जाणार

'पाहुणे' हा शब्द उच्चारला की बाकीच्या जगात माणसं चहा टाकतात; आमच्या गावात आम्ही रेडिओ बंद करायचो. मुलं गप्प व्हायची, आमचे हे उगाचच माळ्यावर काहीतरी शोधायला चढायचे आणि सासरेबुवा उठून मागच्या खोलीत जाऊन बसायचे.

या शब्दाचे जनक सासरेबुवाच. ते आमच्या गावाचे निवडून आलेले शेवटचे नगराध्यक्ष. शेजारच्या देशाचं सैन्य रणगाडे घेऊन आलं तेव्हा चौकात फलक लागला: 'आम्ही पाहुणे म्हणून आलो आहोत, परिस्थिती निवळली की जाऊ.' सासरेबुवांची खुर्ची गेली, नगरपालिकेला कुलूप लागलं, आणि कब्जा, ताबा, आक्रमण असे शब्द बोलणाऱ्याला उचलून न्यायला सुरुवात झाली. तेव्हा सासरेबुवा म्हणाले, "ते स्वतःला पाहुणे म्हणवतात ना? मग आपणही पाहुणेच म्हणू." गावानं हा विनोद उचलून धरला. पाहुण्यांनी पूल बंद केला, पाहुण्यांनी शाळेची पुस्तकं बदलली, पाहुण्यांनी अमक्याला नेलं. परिस्थिती काही निवळली नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, तरी पाहुणे आपले आहेतच.

माझ्या धाकट्या दिरानं मात्र तो खरा शब्द एकदा भर चौकात उच्चारला होता. त्याला नेला तो सहा वर्षांनी परत आला, आणि आला तो म्हातारा होऊन. त्या दिवसापासून सासरेबुवांनी घरात सक्त ताकीद दिली, तो शब्द या उंबऱ्याच्या आत नको. त्यांनी स्वतःही तो कधी तोंडातून काढला नाही. "पण राजीनामाही दिलेला नाही मी," एवढं मात्र दर दोन दिवसांनी ऐकवायचे.

आमचा लॉज आहे. त्यातली सगळ्यात चांगली, बाल्कनीची एक नंबरची खोली सैन्याच्या साहेबानं घेतली होती. त्याला आम्ही 'प्रमुख पाहुणे' म्हणायचो. माणूस गोड बोलायचा. गोड बोलूनच त्यानं आधी बाल्कनी घेतली, मग गच्ची, मग आमचा बैठकीतला सोफा. चंचुप्रवेश आणि मुसलप्रवेश म्हणतात तो हाच. आमची भाषा त्याला चांगली यायची.

अशात बातमी आली की पाच देशांचं एक शिष्टमंडळ येतंय. गावाला आपला कारभार आपण पाहायचा आहे का, हे ते लोकांना विचारणार, आणि त्यांच्या अहवालावर सगळ्या देशांच्या सभेत मतदान होणार. साहेब सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "येऊ देत. लोकांना बाहेरच्यांची लुडबुड नकोच आहे."

शिष्टमंडळ आमच्याच लॉजमध्ये उतरलं. त्यांच्या प्रमुख एक उंच बाई होत्या. दाराच्या चौकटीला रोज एकदा कपाळ आपटून घ्यायच्या आणि चौकटीचीच माफी मागायच्या. सोबत दुभाषा होता. आमची भाषा तो परदेशात पुस्तकांतून शिकलेला. पहिल्याच सकाळी खाली येऊन मला म्हणाला, "भगिनी, स्नानार्थ उष्ण जल प्राप्त होईल काय?" मी त्याला बादली दिली आणि 'शब्दकोश' असं नाव ठेवलं.

दोन दिवस त्यांनी फिरून गाव पाहिलं. तिसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये लोकांची म्हणणी ऐकायला बसले. मागच्या बाकावर साहेब. गाव मात्र इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारतंय म्हणून नुसतं उतू चाललं होतं. बेकरीवाला म्हणाला, "पाहुण्यांनी आता निघावं, एवढंच." नर्सबाई म्हणाल्या, "पाहुणे गेले की आम्ही सुखानं झोपू." लाँड्रीवाले काका तर रंगात येऊन म्हणाले, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई!" हॉलमध्ये हशा पिकला. उंच बाई मात्र हसल्या नाहीत. मला वाटलं, परदेशी माणसं, त्यांना कुठली आपली म्हण कळायला.

म्हण त्यांना पूर्ण कळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जणांच्या बॅगा माझ्या काउंटरपुढे. वर किल्ल्या. शब्दकोशाचा चेहरा पडलेला. "भगिनी, आमच्या वास्तव्याने ग्रामस्थांना उपद्रव झाला. आम्ही प्रस्थान करत आहोत."

"अहो, कोण म्हणालं उपद्रव झाला?"

"सर्वच जण. पाहुण्यांनी निघावं. पाहुणे गेले की सुखाने झोपू. आणि काल आमचा तिसरा दिवस होता."

मी कपाळावर हात मारून घेतला. साहेब सोफ्यावर चहा पीत होता. 'पाहुणे' म्हणजे कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आयुष्यात इतका गोड चहा त्यानं प्याला नसेल. "जनतेची इच्छा," तो म्हणाला. "मी सांगितलंच होतं."

"तसं नाही हो!" मी म्हणाले. "पाहुणे म्हणजे तुम्ही नाही. पाहुणे म्हणजे... म्हणजे ते दुसरे..."

"दुसरे कोण?" शब्दकोशानं विचारलं.

साहेबानं कप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या जिभेवर होता, पण समोर दीर दिसत होता, तुरुंगातून आला त्या दिवशीचा. एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटून बसली. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. ही माणसं निघून गेली असती, अहवालात 'लोकांना आम्ही नको आहोत' असं गेलं असतं, आणि पुन्हा कुणी आम्हाला विचारायला आलं नसतं.

मागच्या खोलीचं दार वाजलं. सासरेबुवा काठी टेकत आले. अंगात कोट, तोही नगराध्यक्ष असतानाचा, एक बटण गेलेला.

"सूनबाई, बाजूला हो," ते म्हणाले. मग उंच बाईंकडे वळले. "बाई, जो येतो आणि जातो तो पाहुणा. पाहुणे तुम्ही आहात." काठी सोफ्याकडे गेली. "हे पाहुणे नाहीत. हा कब्जा आहे. काल माझ्या गावानं जो-जो पाहुणा म्हटला, तो हा."

"अध्यक्ष," साहेब हळू आवाजात म्हणाला, "वयाचा विचार करून बोला."

"वयाचा विचार करूनच बोललो. आता नाही बोलायचं तर कधी?"

शब्दकोशाला हा शब्द शोधावा लागला नाही. त्यानं एका दमात बाईंना सगळं सांगितलं. बाई लाल झाल्या. मग त्यांनी काउंटरवरची आपली किल्ली उचलून खिशात टाकली, सरळ सोफ्यापाशी गेल्या आणि साहेबाला जरा सरकायला सांगितलं. मध्ये स्वतः बसल्या, पलीकडे सासरेबुवांना बसवलं. दारात दोन शिपाई येऊन उभे राहिले, घुटमळले, साहेबाच्या तोंडाकडे पाहत राहिले. बाई जागच्या हलल्या नाहीत. जेवणसुद्धा त्यांनी तिथेच मागवलं. त्या गावात होत्या तोवर सासरेबुवा जिथे जात तिथे त्या जात, चौकटींवर कपाळ आपटत. आणि गेल्या तेव्हा त्यांचे दोन सहकारी मागे ठेवून गेल्या. माझ्या सासऱ्यांना न्यायला कुणी आलं नाही.

शाळेत पुन्हा सुनावणी झाली. बेकरीवाला तो शब्द इतका हळू बोलला की त्याला तीनदा बोलायला लावलं. तिसऱ्यांदा मात्र बाहेर रस्त्यावर ऐकू गेला. लाँड्रीवाले काका म्हण विसरून नुसते रडले. माझा दीर बोलला नाही. मागे भिंतीला टेकून ऐकत होता. सासरेबुवा त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुला गप्प केलं ते मीच. चुकलं माझं." तो म्हणाला, "बाबा, बसा आता. पाय दुखतील."

अहवाल गेला, मतदान झालं, मग भांडणं, मुदती, मुदतवाढी. दोन हिवाळे त्यात गेले. शेवटी एक नंबरची खोली रिकामी झाली. जाताना प्रमुख पाहुण्यांनी माझे दोन टॉवेल नेले. म्हटलं, नेऊ देत.

मग निवडणूक लागली. सासरेबुवा आदल्या दिवसापासून कोट घालून बसलेले. नवा अध्यक्ष निवडून आला की त्याच्या हातात राजीनामा देणार. त्याच्या आत नाही. रेडिओवर मतदानकेंद्रांची माहिती चालली होती. इतक्यात लेक खिडकीतून ओरडली, "पाहुणे आले!"

माझा हात आपोआप रेडिओच्या बटणावर गेला. आमचे हे माळ्याच्या शिडीवर. बाहेर गाडीतून उंच बाई उतरत होत्या, मागे शब्दकोश. निवडणूक पाहायला आले होते.

सासरेबुवा उठले. सवयीनं मागच्या खोलीकडे दोन पावलं गेले आणि थांबले. मग वळले, कोटाचं नसलेलं बटण चाचपलं आणि काठी टेकत पुढच्या दाराकडे निघाले.

"अगं, रेडिओ का बंद केलास?" ते म्हणाले. "चालू कर. पाहुणे आलेत."