गाठीवरची सम

हातमाग विकून दोन वर्षं झाली, तरी गोदूबाईचे हात गप्प बसायला तयार नव्हते. चाळीस वर्षं तुटलेले धागे सांधलेल्या बाईने आता करायचं काय? सून उत्तरा तिला चुलीजवळ फिरकू देत नसे. मायेनेच, पण असली माया म्हाताऱ्या माणसाला जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत बसवते.

त्यात मुलाचं नवं खूळ. अनंत कोराडीच्या वीज केंद्रात कामाला. तिथल्या ट्रान्सफॉर्मरची घूंऽऽ त्याने टेपवर धरली, तिच्यात घरी रेडिओचे सुटे भाग जोडून बनवलेल्या डब्याची कुईंकुईं मिसळली आणि सहा हात टेपची दोन टोकं चिकटवून माळ केली. ती माळ मशीनमधून निघून समोरच्या दांडीला वळसा घालून परत यायची आणि तेच आवाज पुन्हा पुन्हा काढायची. त्यावर उत्तराने आलाप घ्यायचे, शेजारच्या नत्थूजींनी तबला वाजवायचा. याला म्हणे संगीत म्हणतात!

रविवारी सकाळी सक्करदऱ्याच्या समाजभवनात कार्यक्रम होता. दांडीजवळ बसवून अनंत म्हणाला, "आई, तू फक्त पाहत राय. हात नको लावू कशालेच."

"काहून गा? मी का लहान लेकरू आहो?"

गोदूबाईला ते फार लागलं. आपले हात आता कुणाला नकोत, हेच खरं.

माळ फिरू लागली. दहा मिनिटांत मागून कुणी ओरडलं, "रेडिओ बिघडला का बे?" दुसरा म्हणाला, "स्टेशन लावा ना भाऊ!" नत्थूजी तबल्यावर हात ठेवून नुसतेच बसलेले. "अनंता, याच्यात सम कुठी आहे गा? मी येऊ कुठी?"

तेवढ्यात टेप तटकन तुटली. आवाज थांबला आणि लोकांनी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या. माणसं उठू लागली. अनंतचा चेहरा एवढासा झाला. चिकटपट्टी शोधत तो टेबलाखाली शिरला.

गोदूबाईसमोर दोन टोकं लोंबत होती. तुटलं की सांधायचं, त्यात विचारायचं काय? तिने कोष्ट्याची पक्की गाठ मारली आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं.

"अवं आई! टेपले गाठ नसते मारत!"

"मंग का लोंबू देऊ?"

माळ चार बोटं आखूड झाली, दांडीवर बसेना. गोदूबाईने ती आपल्या दोन अंगठ्यांवर घेऊन ताणून धरली. दुसरा इलाजच नव्हता. अनंतने बटण दाबलं.

घूंऽऽ... कुईं... धप्प! गाठ मशीनमधून पार झाली. नत्थूजींची मान वर आली. पुढच्या फेरीला पुन्हा धप्प! "सापडली गा सम!" तिसऱ्या फेरीला त्यांची थाप नेमकी गाठीवर पडली. उत्तरा हसली आणि आलाप फिरवत फिरवत तिथेच उतरली. उठलेले लोक परत बसले. अंगठे जरा ताणले की टेप मंदावते आणि घूंऽऽ खाली बसते, हेही गोदूबाईच्या ध्यानात आलं. तिने मुद्दाम ताणलं. नत्थूजींनी डोळे वटारले, मग मुकाट लय कमी केली. स्टेशन मागणारा गडी आता मांडीवर ताल धरत होता.

कार्यक्रम संपल्यावर टेप नीट जोडायला अनंतने कात्री घेतली. नत्थूजींनी त्याचा हात धरला. "माही सम कापतं का?"

अनंतने कात्री ठेवली. कोरी टेप घेऊन तो आईसमोर बसला. "आई, पुढच्या रविवारी उमरेडले बोलावलं आहे. तीन गाठी मारून देशीन?"

गोदूबाईने टेपचं टोक लगेच चिमटीत धरलं. पण खुशी दाखवेल तर ती कोष्टीण कसली?

"कुठी कुठी पाह्यजे ते सांग. आन् बसमधी माही जागा धरजो. टेप ताणाचं काम तुमच्यानं नाही होत."