विचारलं तेवढंच

“परीक्षक गप्प बसले की तूही गप्प बस. विचारलं तेवढंच सांगायचं, वर एक शब्द नाही,” असं मास्तरांनी मला चारदा बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. मास्तर म्हणजे आम्हाला विमान चालवायला शिकवणारे. साठीला टेकलेले, एकटे राहणारे, चहासुद्धा उभ्याने पिणारे.

“माझ्या घरी दोन वर्षांची पोर आहे,” मी म्हटलं. “तिच्या ‘का’ला उत्तरं देऊन जीभ झिजलीय माझी. कोणी गप्प बसलं तर मी उपकारच मानीन.”

“तसं नव्हे, बाई. शांतता माणसाला सोसत नाही. ती भरून काढायला जातो आणि स्वतःच खड्ड्यात पडतो.”

परीक्षा सोमवारी होती. आधी दोन तास तोंडी, मग परीक्षकाला शेजारी बसवून उड्डाण. दोन्ही पार पडली तर परवाना. मी आधीच पास केलेल्या लेखी परीक्षेच्या निकालाची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती. ती हुकली असती तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे लेकीला सासूबाईंवर सोपवून आणखी एक वर्ष. घरात कोणी काही बोलत नव्हतं. पण कॅलेंडरवरच्या शुक्रवारभोवती नवऱ्याने पेनाने गोल काढून ठेवला होता.

परीक्षक म्हणून समोर एक बाई आल्या. पांढरे केस, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. विमानाच्या दुरुस्तीची वही त्या बोट फिरवत वाचत होत्या, वाण्याची यादी तपासावी तशी. मी वाघाच्या गुहेत शिरल्यासारखी बसले होते. पहिल्याच अवघड प्रश्नाला चाचरत विचारलं, “पुस्तक बघू का?”

“बघा की. पाठ केलेल्या आकड्यापेक्षा शोधून काढलेला आकडा मला बरा वाटतो.”

मग भीती ओसरली. त्या अडवायला बसल्या नव्हत्या. विहिरीत दोर सोडावा तसा एकेक प्रश्न खोल सोडायच्या, तळ लागला की वर घ्यायच्या, आणि दुसरीकडे सोडायच्या. इंधन किती, राखीव किती, वाटेत ढग खाली आले तर कुठे वळणार. दोन तास कसे गेले कळलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, “विमान तपासलंत. हवा तपासलीत. आणि वैमानिक?”

“ठीक आहे,” मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसल्या. बाहेर कोणीतरी इंधनाची गाडी ढकलत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं. विचारलं तेवढं मी सांगितलं होतं. तरी माझं तोंड सुरू झालं. तीन दिवस लेकीला सर्दी, मग मला, झोप अशी नाहीच, “आणि सकाळी सहाला एक गोळी घेतली. सर्दीची. पाकिटावर झोप येईल असं लिहिलेलं असतं ना, ती.”

जीभ चावली, पण उशीर झाला होता.

“घेताना माहीत होतं, ही घेऊन उडायचं नसतं?”

माहीत होतं. लेकीला औषध पाजताना चमचा तीनदा उजेडात धरून बघणारी मी, स्वतःची गोळी मात्र डोळे मिटून गिळली होती.

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी कागदावर लिहिलं. “तोंडी परीक्षा पास. उड्डाण आज नाही. याला नापास म्हणत नाहीत, थांबवलं म्हणतात. आता गोळी घेऊ नका, गुरुवारपर्यंत उतरेल. झोप काढून या.”

बाहेर मास्तरांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. “बोललीस ना? अगं, एका गोळीने काय आभाळ कोसळणार होतं? पिकलेलं शेत स्वतःच्या हाताने गुरांना घातलंस.”

“मला खरंच झापड येत होती, मास्तर.”

“मला रोज येते,” ते बोलून गेले.

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच सांगितलं. चार महिने झोप लागत नव्हती, म्हणून गोळ्या सुरू होत्या, आणि त्या दुपारपर्यंत उतरत नव्हत्या. डॉक्टरी तपासणीत कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. उभ्याने चहा का प्यायचे ते मला तेव्हा कळलं.

“दुपारी कोणाला घेऊन जाताय?”

“ती नवी मुलगी आहे ना, तिला.”

“मग आत बाईंना तुम्ही सांगताय, की मी?”

“शिकवायचं मी, आणि परीक्षा तू घेणार,” ते म्हणाले. पण आत गेले, स्वतःच्या पायांनी. संध्याकाळी उड्डाणांच्या फळ्यावरचं त्यांचं नाव पुसलेलं होतं.

गुरुवारी मी पास झाले. पहिला फोन त्यांना केला, तो वाजत राहिला. नवरा म्हणाला, “दुखावलाय माणूस, राहू दे थोडे दिवस.” शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. आतून आवाज आला, “बरा आहे, जा तू.” दार उघडलं नाही. दोन आठवडे हेच चाललंय.

मला ते दार उघडणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्या हाताखाली शिकलं असेल, तर एकदा जाऊन या. बेकरीच्या वर, तिसरा मजला, उजवीकडचं दार. जेवतात का, डॉक्टरकडे गेले का, एवढं बघा, आणि मला कळवा.