टचच्या जमान्यातलं बटण

मी ई-बुक रीडर बोलतोय, बटणांचा. "अजून बटणं?" असं विचारू नका. ते सगळ्यांचं विचारून झालंय.

माझा जन्म झाला तेव्हा बाजारात चुरस लागली होती. जो तो कंपनीवाला बटणं काढून टाकत होता; काचेवर बोट फिरवा, पान सरकेल. दुकानात लोक मलाही हातात घेत, काच घासून बघत आणि "बंद आहे वाटतं" म्हणून ठेवून देत.

मग मला तेजश्रीने मागवलं. बंगळुरात शिकून ती धारूरजवळच्या आपल्या गावी परतली होती आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा वाचनवर्ग चालवत होती. देणगीतून बारा रीडर घ्यायचे होते. नमुन्याला एक मी, एक टचवाला. टचवाल्यासोबत त्याचा विक्रेता अभिमन्यू आला. माझ्यासोबत नुसता खोका.

वर्गात कौशल्याबाई होती. पन्नाशीत अक्षरं शिकलेली. छापील बारीक अक्षर तिला दिसत नसे. आमच्यात ते बोराएवढं करता येतं. दिवाळीनंतर सहा महिने फडात ऊस तोडायचा आणि परत येईपर्यंत शिकलेलं सगळं पुसलं जायचं. दोनदा तसं झालं होतं. "औंदा इसरले तर परत न्हाई बसायची मी वर्गात," तिने तेजश्रीला बजावलं होतं.

तेजश्रीचं मन टचवरच होतं. आमच्या माणसांना जुनं का द्यायचं, असं तिचं म्हणणं.

"मावशी, नुसतं बोट लावा," अभिमन्यू म्हणाला. कौशल्याबाईने लावलं. कोयत्याने घट्टे पडलेलं बोट. पान हलेना.

"कावून सरकंना हे?"

"बोट कोरडंय, मावशी."

तिने पोथी वाचणाऱ्यांसारखा अंगठा जिभेला लावला आणि काचेवर टेकवला. ओली काच पिसाळली. गोष्टीचं तिसरं पान होतं, एकोणिसावं आलं.

"लई घाई हाय बाबा हिला," कौशल्याबाई म्हणाली. "आत्ता पोरगी बघाया गेलते, तवर बारसं झालं."

वर्ग हसून लोळला. अभिमन्यूसुद्धा.

मग माझी पाळी. तोच ओला अंगठा, माझं बटण. टक. एकच पान उलटलं.

"व्हय म्हणतंय बघा हे," ती म्हणाली.

तेजश्रीने यादीवरचं टचचं नाव खोडलं. बारा बटणवाले.

"आता साहेबांना काय सांगू?" अभिमन्यूने विचारलं.

"सांगा, थुकी चालंल असं कायतरी काढा," कौशल्याबाई म्हणाली.

सध्या मी कौशल्याबाईसोबत सांगलीकडच्या फडात असतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पोट भरतो आणि ते तीन-तीन आठवडे पुरतं. कंपन्यांनो, खुशाल भांडा. तुमच्या चढाओढीनेच आम्ही स्वस्त झालो. फक्त नवं काही घडवाल तेव्हा एकदा फडातल्या बोटांत देऊन बघा.

कौशल्याबाई काही विसरली नाही. दुपारी भाकरी खाताना ती वाचते, टोळी ऐकते. काल गोष्ट ऐन रंगात आली आणि तिची जाऊ मंगल उठून आली.

"तू लई हळू वाचतीस. आन इकडं."

"तुला येतंय का एक तरी अक्षर?"

"दाबता येतंय," मंगल मला मांडीवर घेत म्हणाली. "अक्षर तू सांग."