आमसुली डाग

मित्रांनो, जरा वर बघा. तुमच्या डोक्यावर वाकून उभा आहे ना, तो मी! भिंगाचा दिवा. गोल दिवा, मधोमध जाड भिंग आणि हवी तशी वळणारी मान. वय झालंय, मान कुरकुरते, पण नजर अजून झकास आहे.

कुर्ल्याच्या एका कारखान्यात माझी जोडणी झाली आणि मी दहिसरला डॉक्टर इरावतींच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात आलो. बाई मूळच्या पार्ल्याच्या, हुशार आणि फटकळ. माझ्याखाली रोज नाना तऱ्हेची माणसं यायची. चाळीतली, टॉवरमधली, गोरी, गव्हाळ, सावळी, काळीभोर. "हा दिवा नसता तर माझी वाटच लागली असती," असं बाई म्हणायच्या आणि मी फुगायचो. खोटं कशाला सांगू, गर्व झालाच होता मला.

तो उतरवला जान्हवीने. नववीतली पोर, शाळेच्या कबड्डी संघातली. कोपरांवर खरबरीत डाग उठले होते. सोबत तिची जानकीआजी, मूळची मालवणकडची. बाईंनी माझा पांढराफेक झोत टाकून पाहिलं. त्यांच्या शिकायच्या पुस्तकांत बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीची. सूज म्हटली की लालभडक. इथे लाल कुठे होतं? नुसतेच काळपट डाग. "गजकर्ण," बाई म्हणाल्या आणि मलम दिलं. मीही मनात म्हटलं, बरोब्बर!

कसलं डोंबलाचं बरोब्बर! चार आठवड्यांनी जान्हवी परत आली ती डोळे पुसतच. डाग तसेच, वर गजकर्णाची बातमी शाळाभर.

"साखळीत कोणी माझा हात धरत नाही," ती मुसमुसत म्हणाली. "ऋता आमची कॅप्टन, ती म्हणते, तुझं आम्हाला लागेल. शनिवारी फायनल आहे आणि सर मला बाहेर बसवणार."

कबड्डीत बचाव करताना मुली एकमेकींचे हात धरून साखळी करतात. हातच कोणी धरला नाही, तर पोरीने खेळायचं कसं? मला फार वाईट वाटलं.

बाईंनी पुन्हा झोत टाकला. "लाल तर काहीच दिसत नाहीये," त्या पुटपुटल्या.

तशी आजी उसळली. "अवो बाईनू, आमच्या काळ्या आंगार लाल खंय दिसतला? ह्यां सोलांच्या रंगाचा आसा!"

सोलं म्हणजे आमसुलं. बाई थबकल्या. आणि मग त्यांनी काय करावं? चक्क मला विझवलं! जान्हवीला खिडकीशी नेलं, डागावरून बोट फिरवलं. उन्हात तो डाग खरंच आमसुली दिसत होता, जाडसर, कडेने उचललेला. माझ्याच भगभगीत झोतात तो रंग हरवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

बाईंनी डागावरचा कोंडा खरवडून तपासला. गजकर्णाची बुरशी त्यात नव्हतीच.

"चूक माझी, आजी," बाई म्हणाल्या. "मी पुस्तकातला लाल शोधत बसले. हा सोरायसिस आहे. वेळ लागेल, पण औषधाने आटोक्यात येईल. आणि हा कोणालाही लागत नाही." मग त्यांनी क्रीडाशिक्षक अंबादास सरांना चिठ्ठी लिहिली. शेवटची ओळ होती, 'बिनधास्त हात धरा.'

सोमवारी दवाखान्यात हा गलका! अख्खा संघ आत घुसला. "जिंकलो, डॉक्टर! शेवटची पकड आमच्या दोघींची!" ऋता ओरडली. जान्हवीच्या कोपरावर डाग होतेच अजून. पण ऋताने तिचा हात घट्ट धरला होता. पोरींनी बाईंभोवती साखळी केली, त्यात धक्का लागून माझी मान पार छताकडे वळली. हसून हसून आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या भिंगालाही वाफ धरली असेल, काय सांगू!

आता बाई आधी खिडकी उघडतात, मग मला लावतात. केसपेपरवर 'आमसुली' असंही लिहितात. टेबलावर डाग टिपणारा नवा कॅमेरा आलाय, त्यामुळे कधीकधी माझ्यावर धूळ बसते. पुन्हा आलात तर मऊ फडक्याने पुसा मला. पण विसरलात तरी रागावणार नाही. फक्त कोणाच्या अंगावर डाग दिसला, तर साखळीतला त्याचा हात तेवढा सोडू नका.