दारातले कपडे

रहेमान मिस्त्रींचा उभा जन्म पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेला, आणि छाती त्यांची अजून शाबूत. खोकत होती त्यांची बायको अतिया, जिनं गॅरेजात कधी पाऊलही टाकलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार जुन्या ब्रेक लायनरमधल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा. उशिरा कळतो, बरा होत नाही.

म्हणून आज दिपाली आली होती. आजारी माणसांनी पूर्वी कुठे, किती धूळ खाल्ली याचा अंदाज काढणं हे तिचं काम. पोरगी गोड बोलायची, पण पाठ सोडायची नाही.

"चाचा, ब्रेकचा ड्रम कसा साफ करत होते?"

"हवा मारून. सारं पांढरं होऊन जाये. पण घरात कण नाही येऊ देला. घरात नमाज होते ना! दारातच कपडे उतरवत होतो." या शिस्तीचा मिस्त्रींना केवढा अभिमान!

"मग चाची, ते कपडे तसेच भिजवत होत्या, का आधी झटकून?"

रोज संध्याकाळी अतिया अंगणात ते कपडे तोंडापुढेच फटाफट झटकायची. तसं सांगितलं होतं मिस्त्रींनीच. पाणी कमी गढूळ होईल, हिच्या हातांना त्रास कमी, एवढीच त्यांची माया. आता खरं बोलावं तर हा माणूस जिवंतपणी मरणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"भिजवून," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. दिपालीनं उत्तर लिहून घेतलं.

तेवढ्यात मुलगा जमीर गॅरेजातून जेवायला आला. लायनर आता ॲस्बेस्टॉसविना येतात म्हणे, पण स्वस्तातला माल कोण तपासतो? बापाच्या शिस्तीप्रमाणे त्यानं दारातच कपडे उतरवले. त्याची बायको गुलनार ते उचलून अंगणात गेली. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

फट्.

"गुलनार, मत झटक!" अतिया ओरडली आणि खोकत खालीच बसली. श्वास सापडल्यावर ती दिपालीला म्हणाली, "झटकूनच धुवत होती मी, बेटी. खोटं बोलली."

मिस्त्री उठले. सुनेच्या हातातून त्यांनी कपडे घेतले, पण ते ठेवावेत कुठे हे त्यांना कळेना. घरात आणता येईनात, बाहेर टाकता येईनात. ते तसेच दारात उभे राहिले.

"झटकाले मीच सांगत होतो," ते दिपालीला म्हणाले. "ते बी लिही."