बाराव्या विहिरीचा चुरा

आमच्या ह्यांना वास येत नाही, ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती. एक ते आणि एक मी.

हे तेल शोधणारे भूगर्भतज्ज्ञ. त्या काळी ही नोकरी इतकी नवी होती की माझ्या माहेरी सगळ्यांना वाटायचं, जावई तेलाचं दुकान चालवतो. जमिनीला खोल भोक पाडायचं, खालून आलेला दगडाचा चुरा ताजा असतानाच हुंगायचा आणि तेल आहे की नाही ते सांगायचं. तेल अगदी थोडं असेल तर डोळ्यांना दिसत नाही, नाकालाच कळतं. आणि ह्यांचं नाक तर पाचव्या विहिरीवर आलेल्या तापात गेलं. कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तेव्हापासून चुरा डब्यात भरून घरी यायचा, "निवांत तपासतो" म्हणून, आणि स्वयंपाकघरात उभी राहून मी तो हुंगायचे.

बावीस वर्षं, अकरा विहिरी, अकराही कोरड्या. पत्र्याच्या दोन खोल्या एका माळावर लावायच्या आणि दोन वर्षांनी उचलून दुसऱ्या माळावर न्यायच्या. संसार म्हणजे चार ट्रंका. मजूर ह्यांना पाठीमागे 'कोरडेसाहेब' म्हणायचे. हे ते ऐकून हसायचे, पण त्या दिवशी ह्यांना जेवण जायचं नाही. मला मात्र ह्या सगळ्याचा अगदी वीट आला होता.

बारावी शेवटची, असं कंपनीने कळवलं होतं. कोरडी निघाली की गाशा गुंडाळायचा. मी मनातून त्याचीच वाट बघत होते, खोटं कशाला बोलू? मुलीला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण. तिच्या लग्नालाही आम्ही परक्या पाहुण्यांसारखे आदल्या दिवशी पोचलो होतो. ह्या खेपेला तरी वेळेवर येते, असं मी तिला कळवून टाकलं होतं, आणि तीन ट्रंका भरून झाल्या होत्या.

दुपारी मुकादम डबा घेऊन आला.

"साहेब, हा शेवटचा. पुढे खणू की मशीन उतरवू? संध्याकाळपर्यंत चिठ्ठी द्या."

तो गेल्यावर ह्यांनी दार लावलं, झाकण काढलं आणि डबा माझ्यापुढे धरला.

वास आला. रॉकेलच्या दुकानावरून गेल्यासारखा, हलका पण स्पष्ट.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वही ओढून अकरा वेळा लिहिलं होतं तेच लिहिलं आणि खाली सही केली. मी चौथी ट्रंक भरायला घेतली, पण हात चालेनात. एकाच चादरीची तीनदा घडी घातली.

"अहो," शेवटी मी म्हणाले, "पुन्हा एकदा हुंगून बघू का?"

"कशाला? आलाय ना वास."

मी चादर धरून उभीच राहिले.

"अगं, इतकी वर्षं तुझा चेहरा बघूनच तर विहिरी बंद केल्या. डब्यावरून एवढ्या झटकन मान कधी फिरवली नव्हतीस."

"मग कोरडी का लिहिलीत?"

"तुला जायचंय म्हणून." ते ट्रंकेवर बसले. "मीही दमलोय गं. कोरडेसाहेब तर कोरडेसाहेब. सवय झालीय आता."

मला राग आला. इतका की रडूच फुटलं. एका विहिरीपायी ह्या माणसाने मला जन्मभर रानोमाळ हिंडवलं, आणि आता ती सापडली तर माझ्यासाठी सोडून देतोय! हे ओझं घेऊन मी नातवंडाचं तोंड कुठल्या तोंडाने बघणार होते?

"मला नको असले उपकार," मी म्हणाले. "खोडा ते. आत्ताच्या आत्ता."

"खोडलं तर पुढचे चार-सहा महिने रोज डबा येईल. रोज हुंगावा लागेल. तुला."

"कळतंय मला. खोडा."

त्यांनी खोडलं. नवीन ओळ लिहिताना चेहऱ्यावरचं हसू काही केल्या लपत नव्हतं. ते बघून मला बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं. चिठ्ठी घेऊन ते स्वतःच विहिरीकडे धावले.

मी मुलीला पत्र लिहायला बसले. कारण काय द्यायचं? नाकाची गोष्ट तर तिलाही सांगायची सोय नव्हती. बराच वेळ कागद कोराच राहिला. मग लिहिलं, "वडलांचं काम निघालं आहे. मला यायला जमणार नाही. रागावलीस तरी चालेल."