पोटावरची पिशवी

राजगड उतरून पायथ्याच्या पालीत येणाऱ्या शहरी पोरापोरींना चंद्राबाईच्या हातची तांदळाची भाकरी ठाऊक होती. वीस वर्षं तिने त्यांना पडवीत बसवून पिठलं-भाकरी वाढली. गेले सहा महिने मात्र भाकऱ्या तिची धाकटी जाऊ राजनंदिनी थापत होती आणि चंद्राबाई गोठ्याशेजारच्या खोलीत बसून लसूण सोलत होती. लसूण धुऊन घेता येतो, भाकरी धुता येत नाही, असा राजनंदिनीचा न्याय!

घडलं होतं ते एवढंच. चंद्राबाईच्या गुदाशयात गाठ निघाली. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी ती काढली, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटावर डाव्या अंगाला बाहेर काढून त्यावर पिशवी चिकटवली. जीव वाचला. घरच्यांनी देवाला नारळ फोडला आणि तिचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.

इस्पितळात ती रडायची तेव्हा सबिहा नावाची भोरकडची नर्स तिच्याजवळ बसायची. एकदा तिने कागदावर चित्रच काढलं. "हे बघा मावशी, घास अन्ननलिकेतून जठरात जातो, तिथं त्याचं पार पिठलं होतं. पुढं लहान आतडं, वीस फूट लांब, ते सगळा कस ओढून घेतं. मोठं आतडं पाणी शोषतं. तुमचं सगळं तसंच चाललंय. नुसतं शेवटचं दार पुढं आलंय. हे सगळ्यांच्याच पोटात असतं, तुमचं दिसतं एवढंच."

चंद्राबाईने हे तोंडपाठ केलं. पिशवी बदलायची, साबणाने हात धुवायचे, सगळं शिकली. ते लालभडक टोक पुसताना जरासुद्धा दुखायचं नाही. दुखायचं ते राजनंदिनी तिचा तांब्या वेगळा ठेवायची तेव्हा.

शेवटी तिने नवऱ्याला धरलं. "वीस वरीस म्या चुलीपाशी बसले तवा माझ्या पोटात काय गुलाबपाणी व्हतं व्हय? तवाबी हेच व्हतं. तुमच्याबी पोटात हेच हाय."

"मला काय बी न्हाई गं," धनाजी खाली बघत म्हणाला. "पर गिऱ्हाईक खाईल का?"

"शिकल्याली माणसं हायती ती. त्यांस्नी कळतंय."

"मग इचार त्यांस्नी. त्यांनी तुझ्या हातचं खाल्लं, तर उद्यापासनं तूच बस चुलीम्होरं. नंदीला म्या सांगतो."

ती रविवारचीच वाट बघत राहिली.

रविवारी सहाजण उतरले. जेवता जेवता कळलं, त्यातली सोनिया नावाची मुलगी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चंद्राबाईला देवच पावल्यासारखं झालं. पदर सारखा करून ती पडवीत आली आणि सरळ म्हणाली, "बाई, माझ्या पोटावर पिशवी हाय. माझ्या हातचं खाल्लं तर काय व्हतंय का, सांगा समद्यांस्नी."

सगळ्यांचे हात थांबले. सोनिया मात्र चाचरली नाही. तिने मित्रांना ऑपरेशन काय असतं ते समजावलं, आतड्याचं काम सांगितलं, हात स्वच्छ असले की कसलाही धोका नाही म्हणाली. सबिहाच्या वरताण सांगितलं पोरीने. "मावशी, तुम्ही एकदम नॉर्मल आहात. उलट ग्रेट आहात!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने तर टाळ्या वाजवल्या.

चंद्राबाईने दारात उभ्या असलेल्या धनाजीकडे बघितलं. मग ती आत गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि राजनंदिनीला म्हणाली, "सर पल्याड." राजनंदिनी सरकली. सहा महिन्यांनी उकड हाताला लागली आणि चंद्राबाईचे डोळे भरून आले. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, निखाऱ्यावर धरली तशी टम्म फुगली. गरम गरम घेऊन ती बाहेर आली. मघाशी सोनियानेच आणखी एक भाकरी मागितली होती.

"घ्या बाई."

सोनियाने ताटावर हात आडवा धरला. "नको मावशी, पोट भरलं माझं."

"आर्धी तरी?"

"खरंच नको. अगदी गळ्यापर्यंत आलंय."

चंद्राबाई दुसऱ्याकडे वळली. त्याचंही भरलं होतं. तिसऱ्याचंही. टाळ्या वाजवणाऱ्याला एकाएकी गाडी गाठायची आठवण झाली. सगळे गोड हसत होते, फार छान झालं होतं म्हणत होते. सोनियाच्या ताटात पिठलं तसंच होतं आणि राजनंदिनीच्या हातची अर्धी भाकरीही तशीच पडून होती.

जिंकल्याचा आनंद धनाजीच्या तोंडावर नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

पोरं हात धुवायला उठली. चंद्राबाई भाकरी घेऊन तिथंच उभी राहिली आणि एकेकाला उठताना बघत राहिली. वीस वर्षं तिने माणसं जेवू घातली होती. जेवून तृप्त झालेलं माणूस कसं जडावून, हात टेकून उठतं, ते तिला ठाऊक होतं. ही सगळी झटकन उठली होती.